हजारामागे पाच पुस्तकं

मे महिन्यातली दुपार. परीक्षा संपून कॉलेज रिकामं झालंय, कॅन्टीनला कुलूप आहे, पण ग्रंथालयाचे सगळे पंखे फिरतायत. शिपाईमामा शिडीवर बसून एकेक पुस्तक काढतात, पहिलं पान उघडतात आणि शिक्क्यातला दाखल क्रमांक मोठ्याने वाचतात. खाली टेबलाशी बसलेल्या ग्रंथपाल मॅडम छापील तक्त्यात तो आकडा शोधून पेन्सिलीने काट मारतात. "चौदा हजार दोनशे सहा." काट. "नऊशे एकतीस." काट. "तेहतीस हजार अठ्ठ्याऐंशी." काट. बारकोड वाचणारं यंत्र आहे, पण जुन्या पुस्तकांवरच्या पट्ट्या डिंक सुकून गळून पडल्यात. ज्या पुस्तकाचं पहिलं पानच गेलंय, त्याचं मामा मधलं एक ठरावीक पान उघडतात. तिथे तोच क्रमांक पुन्हा, बारीक अक्षरात लिहिलेला. ग्रंथालयांचं असं एक गुप्त पान ठरलेलं असतं. इथलं कितवं, हे लिहिणार नाही असं मी मॅडमना कबूल केलंय.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं हे अनुदानित कॉलेज. कला, वाणिज्य आणि विज्ञान, तिन्ही शाखा. ग्रंथालयात साधारण अडतीस हजार पुस्तकं. मॅडम इथे एकवीस वर्षं आहेत. नाव छापायचं नाही, गावाचंही नाही, एवढ्या अटीवर त्यांनी मला ग्रंथपडताळणीचे शेवटचे चार दिवस आणि नंतर जून-जुलैत कॉलेज भरल्यावरचे काही दिवस काउंटरमागच्या खुर्चीत बसू दिलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तक्त्यात काट न पडलेले एकतीस आकडे उरले. एकतीस पुस्तकं फळीवर नव्हती आणि कुणाच्या नावावरही नव्हती. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मी लहानपणापासून ऐकत आले होते की हरवलेल्या पुस्तकाचे पैसे ग्रंथपालाच्या पगारातून कापतात. मॅडमनी शांतपणे कपाटातून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७. नियम क्रमांक २१५. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त धरावं, मात्र त्यामागे लबाडी किंवा हलगर्जीपणा नसावा, असं तो नियम सांगतो. हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुस्तक गेलं, किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं, मग त्याची किंमत काही असो, तर चौकशी झालीच पाहिजे. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर पडताळणी दरवर्षी, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून निदान एकदा. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे. पण हिशेब तपासनीस समोर बसले की इथल्यासारखे अनेक ग्रंथपाल तोच आधार म्हणून पुढे करतात.

"हजारामागे पाच," मॅडम म्हणाल्या. "सरकारला कळतं की पुस्तक वापरलं तर ते कधीतरी हरवणार. आपल्या लोकांना हे कळत नाही. एकही पुस्तक हरवलं नाही असं एखादं कॉलेज सांगतं, तेव्हा मला भीती वाटते. म्हणजे तिथे कपाटं उघडतच नसणार."

हे वाक्य मी त्या दिवसापासून मनात घोळवते आहे. वर्षाला चार हजार पुस्तकं पोरांच्या हाती गेली, तर त्यातली वीस न परतणं सरकारी कागदातसुद्धा माफ आहे. तरी राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत आजही पुस्तकं कुलूपबंद कपाटांत असतात. विद्यार्थी काउंटरवर चिठ्ठी देतो, आतून पुस्तक येतं किंवा "नाही" येतं. त्या पोराने फळीसमोर उभं राहून, शेजारचं पुस्तक चाळून, चुकून काही भलतंच हाती लागल्याचा आनंद कधी घेतलेलाच नसतो. कुलपामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: आपल्या माथी वसुली येईल ही भीती. मी ज्या ग्रंथपालांबद्दल लिहिते आहे, त्यांची सारी विद्या आणि सारा धर्म या भीतीच्या पलीकडे सुरू होतो.

ग्रंथपालाला राखणदार म्हणून नेमतात आणि तो देणारा असावा अशी अपेक्षा करतात. ही ओढाताण नवी नाही. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने शियाळी रामामृत रंगनाथन यांना आपले पहिले ग्रंथपाल नेमलं, तेव्हा ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. वर्गातल्या गजबजाटातून पुस्तकांच्या शांततेत येऊन पडल्यावर त्यांना करमेना, परत शिकवायला जावंसं वाटू लागलं. विद्यापीठाने त्यांना लंडनला पाठवलं. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले, डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्यासारखे गुरू भेटले, आणि इंग्लंडमधली ग्रंथालयं हिंडताना त्यांना दिसलं की तिथे कामगारापासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांना पुस्तकाशी गाठ घालून देणारी माणसं आहेत. सेल्फ्रिजेसच्या दुकानात लोखंडी पट्ट्या आणि स्क्रूंचा मेकॅनो खेळ पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी कल्पना सुचली, ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगतात. तेच तुकडे वेगवेगळे जोडले की वेगवेगळी खेळणी होतात, तसेच विषयाचे पैलू जोडून पुस्तकाचा क्रमांक करता येईल. त्यातून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आलं. पण त्याआधी, १९३१ साली, त्यांनी पाच सूत्रं मांडली होती, आणि त्यातलं पहिलं अगदी साधं आहे: ग्रंथ वापरासाठी असतात. ते लिहिताना मध्ययुगीन युरोपातली साखळदंडाने बांधलेली पुस्तकं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. साखळी गेली. आपल्याकडे कुलूप उरलं.

मराठी वाचकाला रंगनाथनांच्या आधीचं एक पान आठवायला हवं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम अलान्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले, राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायची सुरुवात करून दिली, आणि १९११ साली ग्रंथपाल घडवण्याचा वर्ग सुरू केला. देशातला हा असा पहिला वर्ग. हे काम शिकावं लागतं, पुस्तकं आवडतात एवढ्यावर ते जमत नाही, हे त्या राजाने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

मग शिकायचं काय असतं? जुलैतल्या एका सकाळी, कॉलेज नुकतंच भरलेलं असताना, मला ते काउंटरवर दिसलं.

दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. सडसडीत, शर्टाच्या खिशात मोबाइल, नजर जमिनीवर.

"मॅडम, शेतीवर काही पुस्तक आहे का?"

मॅडमनी संगणकात काही टाइप केलं नाही. "शेतीतलं काय बघतोयस बाळा? पीक, माती, का कर्ज?"

"तसं नाही. जमिनीचं."

"मोजणीचं का नावाचं?"

मुलगा गप्प. मॅडमनी मामांना म्हटलं, "मामा, जरा चहाचं बघता का?" मामा उठून गेले. मुलाचा आवाज खाली आला. चुलत्यांनी वाटणीत वडिलांच्या नावचा हिस्सा कमी दाखवलाय, तलाठ्याकडे फेरफाराची नोंद झालीय, वडील अंगठा लावणारे आहेत, घरी कुणाला कळत नाही. मॅडमनी त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं मराठी पुस्तक आणून दिलं, वाटणीचं कलम आणि फेरफारावर हरकत घेण्याचं कलम कुठे आहे ते कागदाच्या पट्ट्या घालून दाखवलं. मग म्हणाल्या, "हे तू आधी वाच. मी वकील नाही, त्यामुळे काय करायचं ते मी सांगणार नाही. पण तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे सल्ला फुकट मिळतो. हरकतीला मुदत असते, म्हणून याच आठवड्यात जा."

सगळं मिळून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत काय काय होतं ते मी नंतर वहीत लिहून काढलं. वाचक जे विचारतो ते त्याला हवं असतंच असं नाही, हे ओळखणं. त्याला लाज वाटू न देता नेमका प्रश्न बाहेर काढणं. तिसऱ्या माणसाला दूर पाठवणं. कोणतं पुस्तक, कोणतं कलम, हे ठाऊक असणं. आणि आपली हद्द कुठे संपते ते सांगून पुढच्या दारापर्यंत वाट दाखवणं. ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भसेवा म्हणतात. मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या दिवशी याची नोंद 'एक पुस्तक वाचनकक्षात वापरले' अशी झाली.

त्या मुलाने काय वाचलं हे चुलत्यांना कळलं तर? मी सहज विचारलं होतं, पण मॅडम गंभीर झाल्या. वाचकाने काय नेलं हे कुणालाही सांगायचं नाही, हा या व्यवसायाचा जुना दंडक आहे. ग्रंथालय संघटना आणि संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, इफ्लाने, २०१२ साली जी आचारसंहिता मान्य केली तिच्यातही वाचकाचा खासगीपणा मोठ्या जागी आहे. आपल्याकडे ते कागदावर फारसं कुणी वाचत नाही, पण वेळ मात्र येते. काही वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील संस्थेच्या एका वजनदार माणसाला घेऊन आले. मुलगी अलीकडे कसली पुस्तकं नेते त्याची यादी हवी होती. मुलीने कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यावरचं पुस्तक नेलं होतं. मॅडमनी यादी दिली नाही. "मुलीला सोबत घेऊन या, तिने हो म्हटलं तर तिच्यासमोर दाखवते," एवढंच म्हणाल्या. ते परत आले नाहीत. त्यानंतर मॅडमनी पहिलं काम केलं ते संगणकातलं. इथे कोहा नावाची मुक्त प्रणाली वापरतात. न्यूझीलंडमध्ये ती तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत सुरू झाली, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परत आलेल्या पुस्तकावरून वाचकाचं नाव पुसून टाकायची सोय तिच्यात आहे. पुस्तक किती वेळा गेलं हे राहतं, कुणी नेलं हे राहत नाही. मॅडमनी ती सोय चालू केली. कुणी सांगितलं नव्हतं, परिपत्रकही आलं नव्हतं.

मला हे धाडस वाटतं. त्यांना विचारलं तर त्या "सेटिंग बदललं" म्हणतात.

वर्गीकरणाबद्दल लिहायला मला खास आवडेल, कारण तिथे ग्रंथपालाचं डोकं आणि भूमिका दोन्ही फळीवर दिसतात, आणि बाहेरच्यांना हे काम सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. आपल्या बहुतेक कॉलेजांत मेल्व्हिल ड्युई यांची दशांश पद्धत आहे, १८७६ सालची. तिच्यात इंग्रजी साहित्याला ८२० हा सरळ, भरघोस आकडा. मराठी साहित्य ८९१.४६. 'इतर भाषा' या मोठ्या पोत्यात हात घालून, दशांशचिन्हाच्या पलीकडे दोन घरं गेल्यावर आपण सापडतो. धर्माच्या २०० च्या घरात दहापैकी सात विभाग ख्रिस्ती धर्माला, आणि हिंदू धर्म २९४.५ वर. ही पद्धत घडली ती अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी, त्यामुळे तिथला पसारा तिच्यात मोठा. तक्रार करण्यात अर्थ नाही, पण रोज त्या चौकटीत आपलं पुस्तक बसवायचं असतं ते माणसाला.

आता ज्ञानेश्वरी हातात घ्या. गीतेवरची टीका म्हणून ती २९४.५९२४ ला जाते. मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ ला. तत्त्वज्ञान म्हणूनही जागा शोधता येईल. एका फळीवर ठेवली की दुसऱ्या फळीवर शोधणाऱ्याला ती नाही. मॅडमनी तीन प्रती असल्याचा फायदा घेतला: दोन काव्यात, एक गीतेशेजारी, आणि तालिकेत दोन्हीकडून वाट. दया पवारांचं 'बलुतं' घ्या, १९७८ सालचं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' घ्या. आत्मचरित्र म्हणून चरित्रांच्या कपाटात ठेवायचं, मराठी साहित्यात ठेवायचं, का समाजशास्त्रात जातीच्या प्रश्नाशेजारी? मॅडम रुजू झाल्या तेव्हा अशी पुस्तकं समाजशास्त्राच्या फळीवर होती. मराठीच्या एम.ए.च्या मुलांना ती तिथे कधी दिसली नव्हती. कुणीतरी, कदाचित काहीही वाईट हेतू नसताना, दलित लेखकाचं लेखन साहित्याबाहेर ठेवलं होतं. मॅडमनी पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत ती सगळी उचलून ८९१.४६ मध्ये आणली, पाठीवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तालिकेत विषयनोंद ठेवली. ग्रंथपाल पुस्तकाला दिलेल्या आकड्यातून एक मत मांडत असतो. ते मत हजारो वाचकांना न बोलता पोचतं, म्हणून ते विचार करून मांडावं लागतं.

याच कामातली दुसरी एक आठवण. पडताळणीत एक जुनं पुस्तक निघालं, मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, शेवट कसरीने खाल्लेला. रद्दीत जायच्या ढिगात होतं. मॅडमनी मधली पानं वाचली, छपाईचा खिळा बघितला, प्रकरणांची नावं उतरवून घेतली आणि शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची उघडली. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची ही सूची दात्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली, पुढच्या म्हणजे १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा भाग १९६१ साली आला. एका माणसाने आपल्या भाषेत काय काय छापलं गेलं ते शोधून नोंदवत राहणं, यासारखं निःस्वार्थ काम मला दुसरं आठवत नाही. दीड दिवस लागला. पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं, शेतकीवरचं निघालं. आता ते आम्लरहित कागदात गुंडाळून वेगळ्या पेटीत आहे. कपाटातली जुनी वाळवी, पावसाळ्यातली ओल, कसर, यांच्याशी लढाई चालूच असते, तिच्याबद्दल वेगळा लेख होईल.

गेल्या पंधरा वर्षांत मात्र पुस्तकांच्या फळ्यांपेक्षा पडद्यावरचं काम वाढलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राने कॉलेजांसाठी एन-लिस्ट आणलं, त्यातून हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं थोड्या वर्गणीत मिळतात. त्याच केंद्राचं शोधगंगा आहे, देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध तिथे कुणालाही वाचता येतात. पूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या तळघरात असायचा, पाहायला परवानगीचं पत्र लागायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. मॅडमचं कॉलेज शिक्षणसंस्थेने चालवलेलं, त्यांचं अजून एन-लिस्टवर भागतं. पण खरा अडथळा वर्गणीचा नाहीच. पासवर्ड मिळालेल्या प्राध्यापकांपैकी कितीजण तो वापरतात? मॅडमनी दर शनिवारी एक तास ठेवला: प्रत्येकाने आपला विषय आणायचा आणि तासाभरात त्यावरचे तीन चांगले लेख शोधून न्यायचे. पहिल्या शनिवारी दोघे आले. आता संगणक प्रयोगशाळेत खुर्च्या पुरत नाहीत. सगळ्यात आधी त्या शिकवतात ते शब्द बदलून बघणं. 'दुष्काळ' या एका शब्दाने सापडलं नाही तर 'अवर्षण', 'पाणीटंचाई', इंग्रजीतले तीन पर्याय, गावाचं जुनं नाव. हे कौशल्य साधं वाटतं. ज्याला येतं त्याचं संशोधन वर्षभराने लवकर होतं.

आणि मग 'नाही' म्हणण्याचा भाग. याबद्दल मी कठोर लिहिणार आहे, कारण इथे आपल्या उच्च शिक्षणाचं पितळ उघडं पडतं. बढतीसाठी शोधनिबंध मोजायला लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, ती इतकी बिघडली की २०१८ च्या मे महिन्यात एका फटक्यात ४,३०५ नावं काढावी लागली. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नियतकालिकं तपासणारं केंद्र उभं राहिलं आणि २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी ज्या त्या संस्थेवर. यादी असताना निदान बोट दाखवायला जागा होती. आता पारख असलेला माणूस लागतो, आणि कॉलेजात तो बहुधा ग्रंथपालच असतो.

मॅडमकडे एक ज्येष्ठ प्राध्यापक आले, आदराने वागणारे गृहस्थ. निबंध छापून आला होता, नियतकालिक दर्जेदार असल्याचं ग्रंथपालाचं पत्र फाइलला हवं होतं. मॅडमनी संकेतस्थळ उघडलं. आयएसएसएन क्रमांक तपासला, तो दुसऱ्याच बंद पडलेल्या मासिकाचा होता. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल टाकला, एकाचं उत्तर आलं की माझं नाव न विचारता घातलंय. निबंध स्वीकारायला तीन दिवस, छापायला पाच, शुल्क फोनवरून. "सर, मी हे लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण हा निबंध चांगला आहे. तो नीट जागी जावा म्हणून मी तुमच्याबरोबर बसते." सर चिडून गेले. महिनाभर बोलले नाहीत. नंतर खरंच आले, बसले. मला यातलं दुसरं वाक्य अधिक मोलाचं वाटतं. नकार देऊन दार लावून घेणारे पुष्कळ असतात.

साहित्यचौर्य तपासणीचंही असंच. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारून आणायचं, साठपर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. यंत्र टक्के सांगतं, चोरी सांगत नाही. अवतरणचिन्हात दिलेला उतारा, कायद्याचं कलम, संदर्भसूची, वगळायला सांगितलं नाही तर सगळं ते एकाच पोत्यात मोजतं. उलट इंग्रजी पुस्तकातली दहा पानं मराठीत उतरवून घेतली, तर यंत्राला ती सहसा दिसत नाहीत. अहवालाची पानं माणसाने वाचावी लागतात. मॅडम वाचतात. एका मुलीच्या प्रबंधात बावीस टक्के आले होते, तिला रडू फुटलं होतं. त्यातले सतरा टक्के लोकगीतांचे उतारे होते, तिने स्वतः गावोगाव जाऊन जमवलेले, पण आधी कुणीतरी छापलेले. मॅडमनी प्रत्येक उताऱ्याखाली नोंद कशी द्यायची ते दाखवलं.

एक गोष्ट थोडक्यात, कारण ती माहीत असलेली बरी. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर तीन बड्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला, अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स गड्ड्या विकतो म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी लागणाऱ्या अशा प्रतींना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा आधार आहे असं मान्य केलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला सोडून दिला. मॅडमनी त्या निकालाचा गोषवारा मराठीत लिहून झेरॉक्स यंत्राच्या वर चिकटवलाय. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तक बोलक्या रूपात करून द्यायलाही २०१२ च्या दुरुस्तीने मुभा आहे. यंदा बी.ए.ला एक अंध मुलगा आहे. मामा फावल्या वेळात त्याच्यासाठी राज्यशास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचतात आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात. मामा दहावी झालेत. 'सार्वभौमत्व' हा शब्द अडखळायचा, आता सरळ येतो.

इतकं सगळं करणाऱ्या माणसाची जागा काय? कागदावर कॉलेजचा ग्रंथपाल सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीत असतो, एम.लिब. आणि नेट किंवा सेट झालेला. प्रत्यक्षात कर्मचारी बैठकीत त्याला कुठल्या बाजूला बसवायचं हे ठरत नाही. माणूस निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते आणि किल्ल्या एखाद्या लिपिकाकडे जातात. मग कुलूप पुन्हा येतं, आणि त्या लिपिकाला मी दोष देत नाही. हजारामागे पाच हा आकडा त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. मॅडमना अजून चार वर्षं आहेत. पुढे काय, हा प्रश्न मी विचारला, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि विषय बदलला.

माझ्या शेवटच्या दिवशी, पाच वाजून दहा मिनिटांनी, मामा खिडक्या लावत असताना एक मुलगी धापा टाकत आली. तिसऱ्या वर्षाची, रसायनशास्त्र. उद्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, एसटी चुकली, आत्ता पोचले. संदर्भ विभागातलं जाड पुस्तक हवं होतं, घरी न देण्याचं. किंमत १,२५० रुपये, एकच प्रत.

मामांनी किल्ल्यांचा जुडगा हातातच धरला. "मॅडम, मेमधली एकतीस अजून तशीच आहेत."

"एकोणतीस," मॅडम म्हणाल्या. "दोन सापडली ना प्राचार्यांच्या केबिनमध्ये."

त्यांनी वही ओढली. नाव, वर्ग, फोन, गाव. पुस्तकाचा दाखल क्रमांक. 'रात्रीपुरते' या रकान्यात सही. मुलीने पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"परीक्षा किती वाजता?"

"अकराला, मॅडम."

"मग दहाच्या आत दे. मी साडेनऊला येते." आणि मामांकडे वळून, "ती खालची खिडकी राहिली बघा. पाऊस आत येतो तिथनं."